ताऱ्याच्या जागी यू

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी गोबरगॅसच्या टाकीतून वेगळ्या केलेल्या एका क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए अक्षरांत उतरवलेला, माझ्या हातात आला. जनुकांची यादी सॉफ्टवेअरने काढून दिलेली होती. आता नजरेखालून घालायची आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच मला वाटलं होतं.

अडले ते ग्लायसीन रिडक्टेज या एन्झाइमपाशी. हा जिवाणू त्याच्या जोरावर ग्लायसीन या अमिनो आम्लापासून ॲसिटेट आणि अमोनिया करतो. त्याची ग्लायसीनवरची वाढ मी स्वतः पाहिली होती. पण यादीत या एन्झाइममधल्या बी प्रथिनाचं जनुक दोन तुकड्यांत पडलेलं, पुढे ‘स्यूडोजीन’, म्हणजे निकामी जनुक, असा शिक्का. ए प्रथिनाचं जनुक तर नव्हतंच.

मॅडम म्हणाल्या, "सिक्वेन्सिंगची चूक असेल. त्या जागेचं सँगर करून घे." सँगर म्हणजे तेवढाच तुकडा वेगळ्या पद्धतीने पुन्हा वाचणं. त्यासाठी लागणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, येऊन निकाल हाती पडेपर्यंत दोन आठवडे गेले. क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे निकालाच्या आलेखात, टी, जी, ए ही तीन शिखरं लख्ख, एकमेकांपासून सुटी. चूक नव्हती. एरवी ‘थांबा’ सांगणारा टीजीए तिथे खरोखरच होता.

मग ए प्रथिनाचं जनुक जिथे असायला हवं होतं, त्या पट्ट्याचं प्रथिनाच्या अक्षरांत (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल) रूपांतर केलं आणि जवळच्या जातीच्या प्रथिनाखाली ठेवलं. सी, एफ, व्ही, मग एक तारा, मग टी, ए, ए, जी, ए, एम. तारा म्हणजे ‘इथे प्रथिन संपलं’. पण ताऱ्याच्या दोन्ही बाजू अक्षर न् अक्षर जुळत होत्या, आणि वरच्या ओळीत ताऱ्याच्या जागी यू होता. यू म्हणजे सेलेनोसिस्टीन, गंधकाच्या जागी सेलेनियम असलेलं सिस्टीन, एकविसावं अमिनो आम्ल. थ्रेसा स्टॅडमन यांच्या प्रयोगशाळेने 1976 मध्ये ते ओळखलं, ते याच प्रथिनात. त्याचा कोडॉन, म्हणजे तीन अक्षरी संकेत, टीजीए असल्याचं 1986 मध्ये ई. कोलाय या जिवाणूच्या फॉर्मेट डिहायड्रोजनेजवरून आणि उंदराच्या एका एन्झाइमवरून कळलं. हे सगळं मला पाठ होतं, तरी ताऱ्याकडे बघताना आठवलं नव्हतं.

नुसता टीजीए दाखवून भागत नाही. तो ‘थांबा’ नसून ‘सेलेनोसिस्टीन’ असा वाचायला पेशीकडे वेगळी यंत्रणा लागते. त्या यंत्रणेची जनुकं सेल-ए, सेल-बी, सेल-डी लगेच सापडली. सेल-सी, म्हणजे सेलेनोसिस्टीन वाहून आणणारा खास टीआरएनए, शोधायला दोन दिवस लागले. तो इतरांपेक्षा लांब असतो, ई. कोलायमध्ये 95 न्यूक्लिओटाइडचा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सेसिस नावाच्या आरएनएच्या (जनुकाच्या नकलेच्या) घडीत. टीजीए कसा वाचायचा, हे प्रथिन जोडणाऱ्या रायबोसोमला त्या घडीमुळे कळतं. मी पहिला लेख वाचला होता तो मिथेनोकाल्डोकॉकस जनाशीवरचा. तो आर्किआ, म्हणजे जिवाणूंहून वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव; त्याच्यात ही घडी बहुतेक जनुकांच्या शेवटानंतर, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात असते. मी आठवडाभर तिथेच शोधत राहिले. शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, "अगं, तुझा जिवाणू आहे ना? मग टीजीएच्या लगेच पुढे बघ." जिवाणूंमध्ये घडी जनुकाच्या आतच असते आणि सेल-बी तिलाच धरतो. तिथे ती होती: आखूड दांडा, वर छोटा लूप, लूपच्या सुरुवातीलाच जी.

हा शिक्का मला इतका का लागला, तेही सांगते. सेलेनोसिस्टीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडून देतात तो आकडा, सुमारे 5.2, सिस्टीनचा 8.3. म्हणून पेशीतल्या पीएचला सेलेनियम विद्युतभारित, कामाला तयार असतं. बहुतेक सेलेनोप्रथिनांत ते नेमकं एन्झाइमच्या क्रियास्थानी बसलेलं असतं. म्हणजे सॉफ्टवेअर जिथे ‘तुटलं’ म्हणतं, ती त्या एन्झाइमची सगळ्यात महत्त्वाची जागा असू शकते. स्यूडोजीन लिहिण्याआधी तुटलेल्या जागी टीजीए आहे का, एवढं तरी प्रत्येकाने बघावं, असं मला मनापासून वाटतं.

डेटाबेसला पाठवताना दोन्ही जनुकांत त्या तीन अक्षरांची जागा नोंदवून ‘इथे सेक’ (म्हणजे सेलेनोसिस्टीन) असा अपवाद लिहावा लागला. नंतर लॅबमधले तीन जुने जीनोम उघडले. दुसऱ्यातच फॉर्मेट डिहायड्रोजनेजवर स्यूडोजीनचा शिक्का होता. मध्ये टीजीए, आणि पुढे घडी.