नागपूर ते लोणार, आणि रस्ताभर मागून डुलणारी गाडी

आधीच सांगतो, लोणारचं वर्णन यात कमी आहे आणि टायरचं जास्त, कारण दोन दिवसांत माझं अर्ध डोकं त्या मागच्या डाव्या चाकातच अडकलेलं होतं.

निघायच्या आठ दिवस आधी हिंगणा रोडवर रात्री पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावी बाजू आदळली. पुढचा डावा टायर साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, कापला गेला, जागेवर खल्लास. दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात गेलो तर दुकानवाला म्हणे भाऊ एकच नका टाकू, जोडी टाका, ते बरोबरच होतं, पण त्याने नवीन दोन्ही पुढे टाकले आणि चार वर्षं जुने मागे तसेच ठेवले. बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली, स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवलं, मीही खुश.

शनिवारी सकाळी सहाला मनीषनगरहून निघालो, मी, बायको, पोरगा आणि आई. शिवमडक्याला समृद्धीवर चढलो. ऐंशीपर्यंत गाडी मस्त. शंभर झाले आणि पुलाच्या जॉइंटवरून गेलो की मागून एक हलका झोका, गाडी सरळ व्हायला अर्धा सेकंद जास्त घेऊन राहिली असं काहीतरी. स्टीअरिंग मात्र एकदम शांत, म्हणून मला वाटलं वारा असेल, ट्रकच्या बाजूने जाताना हलते तशी. मागून आई म्हणाली, "काहून रे बापू, पाळण्यात बसल्यासारखं वाटून राह्यलं मले." हे लक्षात ठेवा, मागचा घोळ ड्रायव्हरच्या आधी मागे बसलेल्याला कळतो. थरथर स्टीअरिंगमध्ये असेल तर बहुतेक पुढची चाकं, आणि सीटमध्ये, कमरेत जाणवत असेल तर मागची. अगदी शंभर टक्के नियम नाही, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

समृद्धीवर कडेला थांबून टायर पाहत बसू नका, मागून एकशेवीसने गाड्या येतात. करकचून ब्रेकही मारू नका, ॲक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू खाली येऊ द्या. मी सत्तरवर आलो आणि वर्ध्याच्या येळाकेळी इंटरचेंजला उतरलो. बाहेर पंपावर हवा चेक केली तर तिन्ही चाकांत 34-35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागच्या डाव्यात 22! आता नुसतं बघून बावीस कळतच नाही, रेडियल टायर तसाही खालून थोडा फुगलेलाच दिसतो. हवा कमी झाली की साइडवॉल लोळते, म्हणजे रिम एकीकडे गेली तरी रबर मागे राहतं आणि मग उशिरा येतं, तोच तो झोका. शिवाय वेगात असा टायर आतून तापत जातो, समृद्धीच्या काँक्रीटवर उन्हात असंच चालवत राहिलं असतं तर फुटलाच असता. हवा भरली, गाडी एकदम सुधारली, मी म्हटलं झालं काम.

इथेच फसलो.

मेहकरला उतरून लोणारला पोचलो. गोमुखाची धार, दैत्यसूदनाचं देऊळ, मग खाली तळ्यापर्यंत पायी, उतरणं सोपं आहे पण चढताना आईला दोनदा बसवावं लागलं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना वरूनच दाखवा, 1.8 किलोमीटर रुंदीचं ते विवर तसंही वरूनच नीट कळतं. पाणी सोबत न्या, तळ्याचं पाणी खारट आहे.

रविवारी सकाळी गार टायरवर परत हवा पाहिली तर डाव्या मागच्यात 28. रात्रीतून. आणि मेहकरकडे येताना साठ-सत्तरवर आता मागून धप धप धप असा ठोका पण यायला लागला, वेगाबरोबर वाढणारा. बायको म्हणाली, "अहो, पुढं जाऊच नका, आधी दाखवा कुठंतरी."

मेहकरात एका पत्र्याच्या टायर दुकानात पंचविशीतला पोरगा होता. मी त्याला अलाइनमेंट, शॉकॲब्सॉर्बर, बुश सगळं सांगून राहिलो तर त्याने एवढंच विचारलं, "पुढचा टायर कोणत्या बाजूचा गेला होता?" म्हटलं डावा. तो म्हणे, "मंग मागचंही चाक त्याच गड्ड्यातून गेलं असन ना."

आठ दिवसांत हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं आणि नागपूरच्या दुकानवाल्याच्याही.

जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, त्याने ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, तळवा ठेवला आणि मग माझाही हात धरून ठेवला. एका जागी रबर किंचित उचललेलं, डोळ्यांना नाही दिसत पण तळव्याला लगेच लागतं. चाक काढून उलटं केलं तर आतल्या बाजूने लिंबाएवढा फुगा, आणि रिमची आतली कड चेपलेली. कडेवर साबणाचं पाणी टाकलं, बारीक बुडबुड्यांची रांगच उठली. म्हणजे हवा तिथून जात होती आणि आतला पट्टा सुटत होता, दोन्ही एकाच खड्ड्याचं काम. हवा भरल्यामुळे पहिला दोष झाकला गेला आणि मला वाटलं दुसरा नाहीच.

स्टेपनी लावली. माझी त्याच साइजची आहे म्हणून ठीक, तुमची बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेली स्पीड पाळा, बहुतेक 80 असते. स्टेपनीवरचा चार आकडी कोड वाचला तर 3117, म्हणजे 2017 चा एकतिसावा आठवडा, नक्षी कोरी पण रबर म्हातारं. म्हणून ऐंशीच्या खालीच नागपूर गाठलं, उशीर झाला तर झाला.

तुमची गाडी टायरच्या भानगडीनंतर अशी वागत असेल तर आधी गार टायरची हवा पाहा, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी चार-पाच पीएसआय वाढलेली दिसेल, ती सोडून देऊ नका, गरम हवेमुळे असते. मग चारही टायर आतल्या बाजूने पाहा आणि तळवा फिरवा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा, ओढ दुसरीकडे गेली तर टायर, तिथेच राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र हे करू नका. अलाइनमेंटचे पैसे यानंतर घाला, आणि मागच्या चाकांचं रीडिंगही मागा, बरेच जण नुसतं पुढचंच दाखवतात.

आणि दोनच नवीन घेत असाल तर मागे टाकायला सांगा. दुकानवाला वाद घालेल. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करून सावरता येते, मागची घसरली तर शेपूट फिरतं आणि आपल्यासारख्याला सावरत नाही, ओल्या रस्त्यावर तर नाहीच नाही. मी आता त्याच नक्षीचे आणखी दोन घेतले, रिमचा बेंड काढला, आणि उजवा जुना टायर स्टेपनीत गेला.

मेहकरचं ते दुकान बायपासला नाही, गावात आहे, आणि रविवारी दहाच्या आत उघडत नाही, आम्ही चहा पीत पाऊण तास बसलो होतो.