वीस पूर्ण व्हायला साडेतीन महिने राहिले होते

हे लिहितेय कारण लहानपणी लावलेलं मुलीचं लग्न वीस पूर्ण व्हायच्या आत कोर्टातून रद्द करून घेता येतं हे मला कोणी वेळेत सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगितलं पण अगदी शेवटी शेवटी, आणि अजून एक उन्हाळा तसाच गेला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

माझं लग्न मे २०२० मध्ये लागलं. तेव्हा मी पंधरा वर्षं नऊ महिन्यांची. आमचं गाव निफाड तालुक्यात, अण्णांनी दीड एकर द्राक्षबाग अर्धेलीने केलेली आणि त्या मार्चला लॉकडाऊन लागलं तेव्हा माल झाडावरच होता, व्यापारी फिरकेना, थोडा बेदाण्याला गेला बाकीचा डोळ्यासमोर सडला. माझी दहावी चालू होती, भूगोलाचा शेवटचा पेपर रद्द झाला आणि मी घरी बसले ती बसलेच. चुलते अण्णांना म्हणाले मंडप नको, वाजंत्री नको, जेवणावळ नको, तीस माणसांत उरकतंय, पोरीचं लग्न एवढ्यात परत होणार नाही. स्थळ सिन्नरकडचं, मुलगा चोवीस वर्षांचा, पिकअप चालवायचा, हुंडा मागितला नाही म्हणून सगळे खूश. गावात सगळ्यांना माझं वय माहिती होतं, कुणी काही बोललं नाही. निकाल २९ जुलैला लागला तो मी सासरी नवऱ्याच्या मोबाईलवर बघितला, ७१ टक्के, आणि मोबाईल परत देऊन भाकरी थापायला बसले.

सासरच्या अडीच वर्षांचं सगळं इथे लिहीत नाही. पहाटे साडेचारला उठून चौदा माणसांच्या भाकऱ्या, मग कांद्याच्या खळ्यावर काम, दोनदा आजारी पडले तेव्हा हिमोग्लोबिन सहावर गेलेलं. २०२२ च्या दिवाळीला माहेरी आले आणि भाऊबीज झाल्यावर परत गेलेच नाही. घरात महिनाभर कोणी माझ्याशी नीट बोललं नाही. शेवटी आत्या आली आणि मला नाशिकला सिडकोत घेऊन गेली. अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले, १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे कॉलेजात न जाता बाहेरून, बारावी दिली.

मध्ये एका वकिलाकडे गेले होते. ते म्हणाले पंचवीस हजार लागतील आणि समोरच्याची सही आणा मग म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीचा घटस्फोट, टाकू. लग्नाच्या वेळी तुझं वय काय होतं हे त्यांनी विचारलंच नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही की ते सांगावं.

मग एप्रिल २०२४. आत्याच्या नातवाचं वजन करायला अंगणवाडीच्या ताई आल्या होत्या, बोलता बोलता माझ्यावर विषय आला. त्यांनी लग्नाची तारीख विचारली, जन्मतारीख विचारली, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "अगं तुला घटस्फोट कशाला पाहिजे, तुझं लग्नच रद्द होतंय. पण वीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे, तू किती दिवस झोपलीयेस?" माझा वाढदिवस ९ ऑगस्टला. म्हणजे साडेतीन महिने.

आता हे नीट समजून घ्या, कारण शिकलेल्या लोकांनाही हे माहिती नसतं. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, मुलगी अठराच्या आत किंवा मुलगा एकवीसच्या आत असेल तर तो बालविवाह, पण असं लग्न आपोआप रद्द होत नाही. ज्याचं लहानपणी लग्न लावलं त्याने स्वतः कोर्टात जाऊन रद्द करून मागावं लागतं आणि मुलीसाठी ती मुदत अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षं. ती गेली की मग इतरांसारखा साधा घटस्फोटच. आणि अर्ज आपण आत्ता जिथे राहतो तिथल्या कोर्टात करता येतो, हे माझ्यासाठी फार मोठं होतं, सिन्नरला एकटीने तारखांना जायची माझी हिंमतच नव्हती.

ताईच मला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात घेऊन गेल्या. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, उत्पन्नाची अट बायकांना नाहीच. मी तीन वेळा विचारलं, नक्की पैसे लागत नाहीत ना. एक फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स लावली, नऊ दिवसांनी वकील मॅडम मिळाल्या.

कागद गोळा करताना खरा जीव गेला. शाळा सोडल्याचा दाखला दोन चकरांत मिळाला. जन्माच्या दाखल्याला ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक म्हणाले कशाला पाहिजे, कशाला जुनं उकरतेस, आणि आज शिक्का नाही, उद्या साहेब नाही असं करत सोळा दिवस घालवले. मॅडमनी नंतर सांगितलं की आपल्याकडे खेड्यात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच. २०२० ला पण तेच होते. म्हणजे ज्यांनी माझं लग्न थांबवायचं होतं त्यांच्याच टेबलासमोर मी लग्न रद्द करायच्या कागदासाठी उभी होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लग्नाची नोंदणी नव्हती, पत्रिका छापलेली नव्हती. मावसभावाच्या फोनमध्ये सात फोटो सापडले, त्यात मी हळदीच्या साडीत, साडी अंगापेक्षा मोठी. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागायच्या आधी अर्ज जाईल असं वाटलं होतं, नाही गेला. १२ जूनला कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. नंबर पडलेली पावती हातात आली तेव्हा आत्या पायरीवर बसून रडली, मी नाही रडले, मला भूक लागली होती.

आईला मात्र एकच भीती, आम्हाला जेलमध्ये टाकतील का. ही भीती खोटी नाही, कायद्यात लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आईबापालाही, फक्त बाईला कैद होत नाही. पण मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं की लग्न रद्द करायचा अर्ज वेगळा, पोलीस केस वेगळी, अर्ज केला म्हणून आपोआप गुन्हा लागत नाही. मला वाटतं कितीतरी मुली याच एका भीतीपायी दोन वर्षं घालवत असतील. आईबाप कसेही वागले तरी त्यांना जेलमध्ये बघायचं नसतं.

सासरच्यांनी पहिली नोटीस घेतली नाही. दुसरीला आले. समुपदेशकांनी दोघांना समोरासमोर बसवलं, नांदायचं आहे का विचारलं, सासूबाई म्हणाल्या पोरीला आम्ही लेकीसारखं ठेवलं. मी मान खाली घालून फक्त नाही म्हणाले, तीनदा विचारलं तीनदा नाही. मग सासरच्यांनी लेखी दिलं की मुलगी अठराची आहे असंच आम्हाला सांगितलं होतं. तिथे शाळेचा दाखला आणि जन्मनोंद उपयोगी पडली, आणि अण्णा.

अण्णा साक्षीला येतील असं मला वाटलंच नव्हतं. आले. धुतलेली टोपी घालून आले. वकिलांनी विचारलं लग्नाच्या वेळी मुलीचं वय तुम्हाला माहिती होतं का. अण्णा म्हणाले, "माहिती होतं. पंधरा होतं. माझी चूक आहे." एवढंच. बाहेर आल्यावर ते चहाच्या टपरीपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले भूगोलाचा पेपर झाला असता तर बरं झालं असतं. काय म्हणायचं होतं त्यांना ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण मी ते विसरत नाही.

लग्न रद्द करताना दोन्हीकडच्या वस्तू, दागिने, पैसे एकमेकांना परत करायचे असतात, ते पण कायद्यातच आहे. एका तारखेला आम्ही यादी करत बसलो, मंगळसूत्र, जोडवी, पैंजण त्यांचं, कपाट, हंडा-कळशी, पाच ताटं आमची. मंगळसूत्र मी कागदात गुंडाळून नेलं होतं. पुडी टेबलावर ठेवली, त्यांनी उघडून बघितली आणि क्लार्कने यादीवर टिक केली.

मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, विवाह रद्दबातल. पोटगीचं सांगते, लग्न रद्द झालं तरी मुलीला दुसरं लग्न होईपर्यंत कोर्ट पोटगी देऊ शकतं. मॅडमनी दोनदा सांगितलं माग, मी नको म्हणाले, लवकर सुटायचं होतं. आता वाटतं मागायला हवी होती, पाच वर्षांचं शिक्षण गेलं माझं. तुम्ही तुमच्या वकिलाला हे आधीच विचारा. वकील नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. आणि ज्या मुलीचं लग्न अजून लागायचंय तिच्यासाठी १०९८, हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर, तो कोणीही लावू शकतं, शेजारी, मैत्रीण, शिक्षक. आमच्या गावात तेव्हा कोणी लावला नाही. अंगणवाडीच्या ताई म्हणतात महाराष्ट्रात अजून पाचातल्या एका मुलीचं लग्न अठराच्या आत होतं, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तसं आलंय.

निकालाच्या दोन नकला काढल्या, एक आत्याच्या कपाटात, एक माझ्या बॅगेत. नर्सिंगच्या अर्जात विवाहितच्या चौकटीवर खूण न करता पुढे गेले. आधारवर मात्र अजून सासरचंच आडनाव आहे, दोन वेळा परत पाठवलं, कागद बरोबर नाही म्हणून, मंगळवारी नक्कल घेऊन तिसऱ्यांदा जाणार आहे.