चार मीटरच्या आत

आमच्या सोसायटीत पार्किंगचे पट्टे नव्याने रंगवायला काढले होते. भर दुपार. रंगारी दोघं. एकाने सुतळी ताणून धरलेली, दुसरा तिच्या कडेने फक्की टाकत चाललेला. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली आमचे सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून उभे होते आणि चौथ्या मजल्यापर्यंत पोचेल अशा आवाजात बजावत होते की पट्टे पूर्वी होते तिथेच आले पाहिजेत, इंचभरही इकडेतिकडे नको. शेवटी रंगारी म्हणाला, "पट्टे तिथंच येत्यात साहेब. गाड्या जाड झाल्या, त्याला मी काय करू?"

खरंच होतं त्याचं. ही इमारत बांधली तेव्हा खाली बहुतेक मारुती ८०० उभ्या असायच्या. रुंदी १४४० मिलिमीटर. आता कुठलीही छोटी एसयूव्ही घ्या, रुंदी १८०० च्या आगेमागे, आणि आरशांचे कान वेगळे. म्हणजे दोन गाड्यांच्या मधली जवळजवळ सव्वा फूट जागा गाड्यांनीच खाल्ली. आम्हीही तेव्हापेक्षा जाड झालो, तो विषय वेगळा. पण सकाळी ऑफिसला निघताना शेजाऱ्यांची आणि आमची गाडी यांच्यामधून पोट आत घेऊन, पर्स डोक्यावर धरून मी सरकते, तेव्हा दोन्ही विषय एकाच वेळी आठवतात.

लांबीत मात्र या गाड्या कमालीच्या शिस्तीच्या. चार मीटर म्हणजे चार मीटर. ही शिस्त कंपन्यांना आपसूक लागलेली नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी म्हणजे काय तेही ठरवून टाकलं: लांबी ४००० मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेव्हापासून इकडचे इंजिनियर टेप घेऊनच बसलेत. बहुतेक गाड्या ३९९५ मिलिमीटर भरतात. पाच मिलिमीटर सोडून द्यायचे, उगाच वाद नको. या गाड्या बाजूने बघाव्यात. पुढून ऐसपैस सुरुवात झालेली असते आणि मागे, पोस्टकार्डाची जागा संपत आली की शेवटच्या ओळी बारीक अक्षरात कोंबाव्यात, तसं काहीतरी झालेलं असतं.

माझ्या नवऱ्याला हे सगळं तोंडपाठ आहे. पेट्रोलची ब्रेझा लांबीत बसते पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे सवलतीतून बाहेर, हे तो जेवताना सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, हेही जेवतानाच कळलं. पण त्याने सांगितलेली एक गोष्ट मला मनापासून आवडली. जास्तीचा सेस लावण्यासाठी एसयूव्ही कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या होती: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. आमची गाडी उंचीत पास, बाकी दोन्ही विषयांत नापास. म्हणजे रस्त्यावर एसयूव्ही आणि सरकारदरबारी छोटी गाडी. मध्यमवर्गीयाला याहून काय हवं असतं?

गाडी कोणती ते सांगत नाही. नाव सांगितलं की अर्धे लोक अभिनंदन करतात आणि उरलेले "अरेरे, आधी विचारलं असतं तर..." असं म्हणतात.

घेताना घरात तीन पक्ष पडले. नवऱ्याची एक्सेल शीट होती. लेकीला फक्त सनरूफ हवं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात छताला भोक पाडून आत ऊन घ्यायचं, हे मला अजून समजलेलं नाही. पण त्यावर बोललं की मी म्हातारी ठरते. आणि मला हवी होती डिक्की. शोरूममध्ये गेलं की विक्रेता मुलगा पुढच्या स्क्रीनकडे न्यायला बघायचा आणि मी थेट मागे जायची. त्याचा चेहरा पडायचा. "मॅडम, ३२८ लिटर," तो म्हणायचा. दुसरीकडे ३५०, तिसरीकडे ३८२. डिक्की लिटरमध्ये का मोजतात? मला तिच्यात पाणी भरायचं नव्हतं. मला सासूबाईंचा घडीचा वॉकर आडवा ठेवून वर आंब्याच्या दोन पेट्या बसतात का ते बघायचं होतं. शेवटी मी वॉकर घेऊनच शोरूममध्ये जायला लागले. एका ठिकाणी वॉचमनने तो हातातून घेतला आणि पळत जाऊन व्हीलचेअर आणली. मला बसवायलाच निघाला होता.

पण गाडी ठरवली ती सासूबाईंनी, आणि तीही त्यांच्या नकळत. त्यांचे गुडघे. आधीच्या छोट्या गाडीत त्यांना बसवताना मी डोक्यावर हात धरायची, त्या "आले गं बाई" म्हणत खाली सोडून द्यायच्या आणि उतरताना नवरा पुढून दोन्ही हात ओढायचा. लग्नाच्या हॉलसमोर हा कार्यक्रम चालू असताना मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. दिरांची मोठी, सात सीटांची गाडी आहे, ती त्यांना नकोच वाटते. तिथे चढायला पाट ठेवावा लागतो आणि उतरताना पाटाकडे बघत "हा हलतोय रे" असं म्हणत त्या तशाच उभ्या राहतात. मधल्या उंचीची गाडी असेल तर चढायचं नाही, उतरायचं नाही. पाठ करून टेकायचं, पाय आत घ्यायचे, झालं. विक्रेते मोठ्या तोंडाने २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तीच पोटाखालची उंची, सांगतात. जमिनीपासून सीट किती उंच आहे हे त्यांच्या गुळगुळीत पत्रकात मला तरी कुठे छापलेलं दिसलं नाही. घरात साठीच्या वरचं माणूस असलं की गाडीचं दुसरं कुठलं माप लागतच नाही.

सासूबाई प्रत्येक शोरूममध्ये एकदा बसल्या, एकदा उठल्या. "ही खोल आहे." "ही जरा टांगल्यासारखी वाटते." आणि एके ठिकाणी उठल्याच नाहीत, तिथेच पर्समधून आवळासुपारीची डबी काढली. नवऱ्याने लॅपटॉप मिटला.

घेतल्यावर पहिले काही दिवस उंचावरून बघण्यातच गेले. शहरातलं मायलेज जाहिरातीसारखं नाही, ते असणारच नव्हतं. खड्डे कमी लागतात. आमच्या गल्लीत परवानगी न घेता कुणीतरी घातलेला जो स्पीड ब्रेकर आहे, त्याच्यावर पूर्वी गाडीचं पोट घासायचं, आता घासत नाही. एवढ्यासाठी इतके लाख, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

एक गोष्ट मात्र मला आजही खटकते. छतावरच्या त्या दोन दांड्या. रूफ रेल म्हणतात. चंदेरी, रुबाबदार, आणि बहुतेक गाड्यांवर निव्वळ दागिना. आडव्या पट्ट्या वेगळ्या विकत घेतल्याशिवाय त्यांच्यावर काही ठेवता येत नाही, आणि घेतल्या तरी किती किलो ते पुस्तकात बघायचं. वजन उचलायचंच नसेल तर छतावर दांड्या कशाला?

आमच्या काकांच्या फियाटवर कॅरियर होतं. मे महिन्यात चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून पुण्याला परतताना त्या कॅरियरवर काय नसायचं! आंब्याच्या पेट्या, दोन फणस, तांदळाचं पोतं, वळकट्या, वरून ताडपत्री, आणि ताडपत्रीवरून काथ्या. काथ्या आवळायचं काम काका दुसऱ्या कुणाला देत नसत. आत माणसं किती, ते मोजायचं नाही अशी पद्धत होती. गियर स्टीअरिंगलाच असल्यामुळे पुढची सीट सलग, तिथे दोन मोठ्यांच्या मध्ये एक पोर सहज मावायचं. गियर टाकताना काकांचं कोपर त्या पोराला लागायचं आणि ते पोर बहुधा मी असायची.

पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू. जाताना उतार, त्यामुळे गाडी गुणी. येताना चढ, वर सगळं कोकण लादलेलं. अर्ध्या घाटात काटा लाल रेघेकडे जायला लागला की गाडीत आपोआप शांतता पसरायची. मग वळणावरची सावली बघून काका गाडी कडेला घेत आणि ओरडत, "दगड!"

हॅण्डब्रेकवर काकांचा विश्वास नव्हता. मी आणि माझा चुलतभाऊ दोन दारांतून उड्या मारायचो आणि मागच्या चाकांना एकेक दगड लावायचो. दगड निवडण्यात कला असते. गोल नको, घरंगळतो. चपटा नको, चाक चढतं. एका बाजूने तिरपा, पाचरीसारखा हवा. चांगली वळणं आम्हाला माहीत होती, कारण तिथे आधीच्या गाड्यांनी टाकलेले तयार दगड मिळायचे. त्यावर काका चिडायचे. रस्त्यात दगड तसाच टाकून जाणारा माणूस त्यांच्या लेखी माणसात जमा नव्हता. रात्री मोटरसायकलवाल्याने काय करायचं? मग निघताना आम्ही आमचे दगड तर उचलायचोच, आणि इतरांचेही कठड्यापर्यंत नेऊन ठेवायचो. गाडी तोवर हळूहळू पुढे निघालेली असायची, कारण चढावर एकदा हललेली गाडी काका थांबवत नसत. पळत जाऊन दार धरायचं आणि आत पडायचं. आज माझ्या लेकीने असं केलं तर मी किती किंचाळेन!

बॉनेट उघडून वाट बघायची, ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण जपून फिरवायचं, फुस्स करून वाफ. तोवर काकूने दशम्या सोडलेल्या. गाडी तापली म्हणून कुणी वैतागल्याचं मला आठवत नाही. घाटात गाडी तापणारच, तिथेच तर जेवायचं.

हे काका पुढे मारुतीवर आले, पण मन फियाटमध्ये. कुर्ल्याला फियाट आणि पद्मिनी बनवणाऱ्या त्याच प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये चिंचवडच्या कारखान्यातून रिओ नावाची गाडी काढली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही आपल्याकडे सगळ्यात आधी आणली ती तिने. आज कुणाला आठवत नाही. काका खास बघायला गेले होते. "घेणार नाहीये, पण बघून यायला हवं," म्हणाले. मग २०१३ ला पाठीवर स्टेपनी घेऊन इकोस्पोर्ट आली, २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन, आणि आमच्या पार्किंगमधल्या पट्ट्यांचं व्हायचं ते झालं.

आमच्या गाडीत चढावर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी क्षणभर आपणहून धरून ठेवते. हिल होल्ड. कुंभार्लीत एसटीच्या मागे अडकलो असताना मी पहिल्यांदा अनुभवलं. पाय काढला, गाडी जागची हलली नाही. मला जरासं अपमानास्पदच वाटलं. माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी होती ती.

आता तारे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाचपैकी पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. रांजणगावची गाडी, त्यामुळे पुण्यात त्याचा आनंद जरा जास्तच झाला. तोवर कितना देती है एवढंच विचारणारे लोक तारे विचारायला लागले. आम्हीही विचारले. सहा एअरबॅग आहेत ना, तेही विचारलं. आणि मग घरातलं सगळ्यात ठिसूळ माणूस मागच्या सीटवर, पट्ट्याशिवाय बसवलं.

कारण सासूबाई पट्टा लावत नाहीत. पदर चुरगळतो. छातीवर दाब येतो. मागच्यांना कुठे लागतो, पोलीस पुढच्यांना पकडतात. हे त्यांचंच नाही, माझ्या माहितीतल्या बहुतेक घरांत असंच चालतं. मागचा पट्टा नियमाने सक्तीचा आहे, पण आमच्या गाडीत त्याची कुलुपं सीटच्या फटीत पार खाली गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, ते दोघेही गेले. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले. तेव्हा काही दिवस सगळ्या गाड्यांत मागून खटखट आवाज यायचे. मग थांबले.

परवा गुहागरला निघालो. मी फटीत बोटं घालून कुलूप वर काढलं, आईंच्या पदराखालून पट्टा घेतला आणि लावला. त्यांनी काढला. मी गाडी सुरू केली नाही. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला, तो अशा वेळी नेहमी तिकडेच बघतो.

"आई, पट्टा लावल्याशिवाय निघायचं नाही."

"अगं, मग ते सहा फुगे कशाला घेतले एवढे पैसे घालून?"

"ते पट्ट्याच्या जोडीला असतात. पट्टा नसेल तर समोरच्या सीटवर आपटायचं ते आपटायचंच."

"तुझ्या काकांच्या गाडीत होते का पट्टे?"

"नव्हते."

"मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही वाचलो, एवढंच. मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि मोबाईल बघत बसले. मागे बराच वेळ पुटपुट चालली होती, मग पदर सावरल्याची सळसळ, मग कुलूप सापडेना म्हणून लेकीला हाक. लेकीने खट्कन लावून दिला.

"ताम्हिणीत सैल करेन हं मी," त्या म्हणाल्या.

बघू, मी म्हटलं, आणि गाडी काढली.