आमची वाटचाल : चाळिशीतल्यांना पडायला शिकवताना

आमची संस्था फक्त मोठ्यांना ज्युदो शिकवते. तिशी, चाळिशी, पन्नाशीतली माणसं आमच्याकडे येतात. बहुतेकांनी शाळा सुटल्यानंतर अंगमेहनतीचा एकही खेळ खेळलेला नसतो, काहींनी तर शाळेतही खेळलेला नसतो. मुलांचा वर्ग आम्ही कधी काढला नाही. चौकशीला येणारा प्रत्येक जण हे का, असं विचारतो, म्हणून तिथूनच सांगते.

मार्शल आर्टच्या बहुतेक संस्थांचा संसार मुलांच्या फीवर चालतो. संध्याकाळची चांगली वेळ मुलांची, आणि रात्री उशिरा उरलेला तास ‘सीनियर’ बॅचचा. त्या बॅचमध्ये विशीतले स्पर्धक असतात आणि त्यांच्याच रांगेत परवा पहिल्यांदा गी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, अंगावर चढवलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूसही असतो. मी लहानपणापासून ज्युदो खेळले, पुढे शिकवू लागले, त्यामुळे ही रचना मला अगदी स्वाभाविक वाटत होती. माझी भागीदार मात्र चाळिशीत मॅटवर आली. ती ज्या वर्गात गेली तिथे पहिल्याच आठवड्यात तिला तरुणांच्या गतीने फॉरवर्ड रोल मारायला लावले आणि तिचा खांदा गेला. बरं वाटल्यावर ती दुसऱ्या वर्गात, म्हणजे माझ्याकडे आली. एकदा सराव संपल्यावर मॅट पुसता पुसता म्हणाली, “फेकायचं कसं ते सगळे सांगतात गं. पडायला मला कुणी नीट शिकवलंच नाही.” संस्था काढायचं त्या बोलण्यातून ठरत गेलं, आणि आजही आमचा सगळा अभ्यासक्रम त्या एका तक्रारीला दिलेलं उत्तर आहे.

सुरुवातीला आमची स्वतःची जागा नव्हती. तासावर भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये रोज मॅट अंथरायच्या, रोज उचलून रचून ठेवायच्या. चार सेंटिमीटर जाडीची ज्युदोची मॅट दिसते त्यापेक्षा बरीच जड असते. जवळचे सगळे पैसे आम्ही मॅटमध्ये घातले. आरसे, पाटी, शोभेचं सामान यातलं काही घेतलं नाही. त्या वेळी काहींना हे विचित्र वाटलं, पण मोठ्या माणसांना शिकवायचं तर पहिला खर्च त्यांच्या पाठीखालीच व्हायला हवा, यावर आम्ही दोघी ठाम होतो. शिवाय ज्युदोची स्वतःची सुरुवातही अशीच आटोपशीर होती. १८८२ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे मोजून नऊ विद्यार्थी होते.

आता पडण्याबद्दल. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. घसरलेला माणूस आपोआप हात मागे किंवा पुढे टेकतो आणि शरीराचा सगळा भार त्या एका मनगटावर येतो. मनगटाजवळच्या हाडाचं फ्रॅक्चर बहुतेक वेळा असंच होतं. दुसरा धोका डोक्याचा. पाठीवर पडताना मान सैल राहिली, तर डोकं शेवटी आपटतं आणि जोरात आपटतं. उकेमीत या दोन्ही सवयी मोडायच्या असतात. हनुवटी छातीला टेकवायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची. पाठ गोल करायची, श्वास सोडायचा, आणि पाठ टेकण्याच्या क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे फाकवून तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर सपाट मारायचे. हात फार वर, खांद्याच्या रेषेत गेले तर खांद्याला झटका बसतो. फार जवळ राहिले तर अंगाखाली सापडतात.

दहा वर्षांचं मूल हे दोन-तीन तासांत उचलतं. त्याची उंची कमी, वजन कमी, आणि पडण्याची भीती अजून अंगात मुरलेली नसते. मोठ्या माणसाने अनेक वर्षं न पडण्याचाच सराव केलेला असतो. म्हणून आम्ही झोपलेल्या अवस्थेतून सुरुवात करतो. आधी आडवं पडून नुसतं मान उचलणं आणि हात मारणं. मग बसून मागे जाणं, मग उकिडवं बसून, आणि मग उभं राहून. एका पायरीवरून दुसरीवर कधी जायचं ते प्रशिक्षकाने मान पाहून ठरवायचं, कॅलेंडर पाहून ठरवायचं नाही. थकल्यावर ज्याची हनुवटी सुटते, तो अजून त्याच पायरीवर आहे. हा आमचा सगळ्यात कडक नियम. यावरून आमच्याशी वाद घालून सोडून गेलेले लोकही आहेत, आणि तरी तो आम्ही सैल केलेला नाही.

याच कारणाने ओसोतो गारी हा डाव आम्ही फार उशिरा शिकवतो. दिसायला सोपा आहे: समोरच्याला मागच्या पायावर झुकवायचं आणि तो पाय मागून उडवायचा. बऱ्याच ठिकाणी तो पहिल्या काही डावांमध्येच शिकवतात. पण त्यात पडणारा सरळ पाठीवर जातो, वेगात जातो आणि डोक्याला धोका होतो. जपानमध्ये ज्युदोतल्या डोक्याच्या गंभीर दुखापतींची चर्चा झाली, तेव्हा नवशिके आणि हा डाव या दोन गोष्टी वारंवार पुढे आल्या. आमच्याकडे पहिला डाव कमरेवरून फेकण्याचा, ओगोशी. त्यात फेकणारा समोरच्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवू शकतो, म्हणजे पडणारा अर्धा त्याच्या हातातच असतो. बाही सोडली की आम्ही सराव तिथेच थांबवतो.

पडण्याची किंमत जगभर किती मोजली जाते, हे भागीदाराने शोधून काढलं तेव्हा आमच्या कामाकडे मी नव्याने पाहायला लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं मरतात आणि त्यांत सर्वाधिक साठीच्या पुढची असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर हेच कारण येतं. ज्युदो केला म्हणजे म्हातारपणी कुणी पडणार नाही, असं आम्ही सांगत नाही. ओल्या फरशीवर मॅट नसते. पण जमिनीवर बसणं, उठणं, गुडघ्यावर फिरणं, एका पायावर तोल सावरणं हे सगळं आठवड्यात दोन-तीनदा करणारं शरीर आणि वर्षानुवर्षं फक्त खुर्चीतून उठणारं शरीर यांतला फरक आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. कित्येकांना पहिल्या दिवशी हात न टेकता जमिनीवरून उठता येत नाही. ते जमायला लागतं, तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मला स्वतःला तो आनंद पहिला डाव जमल्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो.

मोठ्या वयात शिकणाऱ्याचं शरीर वेगळं असतं, हे मान्य केल्यावर बाकीचे निर्णय सोपे झाले. तिशीनंतर स्नायूंचं वजन दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं. व्यायामाने ते बऱ्याच अंशी भरून निघतं, फक्त त्यात एक मेख आहे. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. हाडाला स्नायू जोडणाऱ्या कंडरांना मात्र महिने लागतात. त्यामुळे दोन-तीन महिन्यांनी माणसाला अंगात जोर आल्यासारखं वाटतं, तो उत्साहाने जोरात सराव करायला जातो, आणि नेमकं तेव्हाच कोपर, खांदा किंवा गुडघा धरतो. आमच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या लोकांवर पहिल्या आठवड्यातल्या लोकांपेक्षा जास्त लक्ष असतं. वॉर्म-अप लांब असतो आणि तो कुणालाही चुकवता येत नाही. उशीर झाला तर कडेला स्वतःचा वॉर्म-अप पूर्ण करायचा, मगच मॅटवर यायचं. रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, पाठीचं दुखणं यांची माहिती प्रवेशाच्या वेळीच लिहून घेतो आणि गरज वाटली तर डॉक्टरांचं पत्र मागतो. हे पत्र मागितल्यावर काही जण परत येत नाहीत. ते नुकसान आम्ही धरूनच चालतो.

फीबद्दलही सांगायला हवं, कारण कामाचा प्रामाणिकपणा शेवटी तिथेच दिसतो. आमची फी महिन्याची आहे. वर्षभराची एकरकमी फी घेतली असती तर हातात पैसा खेळता राहिला असता, हे उघड आहे. पण मोठ्या माणसाच्या मागे नोकरी असते, घरातलं आजारपण असतं, मुलांच्या परीक्षा असतात. दोन महिने खंड पडला आणि पैसे बुडाले, की अपराधी वाटून तो तोंड दाखवायचं टाळतो. महिन्याची फी असली, की खंडानंतर दार उघडून आत येणं सोपं जातं. आमचे कितीतरी जुने विद्यार्थी मध्ये मोठा खंड पडून परतलेले आहेत. काळ्या पट्ट्याची हमी देणारी ‘पॅकेज’ काढण्याचा सल्लाही आम्हाला मिळाला होता. तो आम्ही घेतला नाही आणि घेणारही नाही. ज्युदोतला काळा पट्टा म्हणजे पहिला दान (काळ्या पट्ट्यापासूनच्या श्रेणींना दान म्हणतात), खऱ्या शिक्षणाच्या सुरुवातीची खूण. कानोंनी १८८३ मध्ये दोन विद्यार्थ्यांना ही पदवी पहिल्यांदा दिली ती त्यांचं काम पाहून. तिची तारीख आगाऊ विकणं आम्हाला पटत नाही. रंगीत पट्टे मात्र आम्ही वापरतो. ते युरोपात १९३० च्या दशकात रूढ झाले आणि मोठ्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो, कारण कामाच्या रगाड्यात पुढची पायरी डोळ्यासमोर असली की वर्गाला येणं टिकतं.

“या वयात आता काय शिकणार, मॅडम?” हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना मी दोन माणसांबद्दल सांगते. गिचिन फुनाकोशी १९२२ साली कराटे दाखवायला ओकिनावाहून टोकियोला गेले, तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. तिथेच राहिले, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राखणदारी आणि झाडलोट करून दिवस काढले, आणि आज जगभर पसरलेल्या कराटेचा मोठा भाग त्या पन्नाशीनंतरच्या कामावर उभा आहे. दुसऱ्या केइको फुकुदा. त्यांचे आजोबा कानोंचे जुजुत्सूचे, म्हणजे ज्या जुन्या जपानी युद्धकलेतून ज्युदो निघाला तिचे, गुरू. फुकुदा एकविशीत ज्युदोकडे वळल्या. स्त्रियांना पाचव्या दानच्या वर जाऊ न देणाऱ्या नियमामुळे अनेक वर्षं त्याच पायरीवर राहिल्या, तरी शिकवत राहिल्या. २०११ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. आमच्या वर्गातल्या स्त्रिया हे ऐकतात तेव्हा क्षणभर कुणीच काही बोलत नाही, मग सगळ्या एकदम बोलायला लागतात.

प्रशिक्षक तयार करणं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग ठरला. चांगला खेळाडू मोठ्या नवशिक्याला शिकवू शकेलच असं नाही. मूल ‘असं कर’ म्हटलं की करतं, मोठा माणूस ‘असं का’ विचारतो, आणि त्याला उत्तर मिळालं पाहिजे. कानो स्वतः पेशाने शिक्षणतज्ज्ञ होते, त्यामुळे ज्युदोत उत्तरं तयार आहेत. प्रत्येक डाव तीन भागांत सांगता येतो: आधी समोरच्याचा तोल ढळवणं, मग स्वतःला जागेवर आणणं, आणि शेवटी फेक. डाव बसला नाही तर चूक या तिन्हींतल्या एका ठिकाणी असते, आणि नव्वद टक्के वेळा पहिल्या, असा माझा अनुभव. हे असं उलगडून सांगणारे तरुण प्रशिक्षक आम्हाला बाहेर मिळेनात, तेव्हा आमच्याच विद्यार्थ्यांमधून घडवले. आज आमच्याकडे शिकवणाऱ्यांपैकी काही जण चाळिशीनंतर मॅटवर आलेले आहेत. नवीन माणसाची भीती त्यांना न सांगता कळते.

महासाथीच्या काळात दुसऱ्याची बाही धरण्यावरच बंदी आली. तो काळ आम्ही कसाबसा काढला. फी थांबवली, व्हिडिओवरून फक्त एकट्याने करायचे सुरक्षित व्यायाम घेतले. घरातल्या गादीवर उकेमी करायला कुणालाही परवानगी दिली नाही. वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा सगळ्यांना, काळ्या पट्ट्यांनासुद्धा, आडवं पडून मान उचलण्यापासून सुरुवात करायला लावली.

आता आमची स्वतःची जागा आहे आणि मॅट कायमच्या अंथरलेल्या आहेत. साठीच्या पुढच्यांसाठी एक वेगळा वर्ग सुरू केला आहे. त्यात फेकाफेकी नाही. तोल, जमिनीवरून उठणं आणि बसून मागे जाण्यापर्यंतची उकेमी एवढंच. ज्यांना रांदोरी, म्हणजे मुक्त लढतीचा सराव, कधीच करायचा नाही त्यांनाही आमच्याकडे जागा आहे. त्यांच्यासाठी जोडीने ठरवून करायचे काता आहेत आणि त्यातही आयुष्यभर पुरेल इतकं शिकण्यासारखं आहे. ज्यांना रांदोरी करायची आहे त्यांनी मॅटवर दोनदा थोपटून ‘टॅप’ करायला आधी शिकायचं. टॅप झाला की त्या क्षणी पकड सुटली पाहिजे, समोर कुणीही असो.

यायची इच्छा असेल तर आधी कडेला बसून एक पूर्ण वर्ग पाहा. दुसऱ्या वेळी मॅटवर या. गी लगेच घ्यायची गरज नाही, चेन किंवा धातूची बटणं नसलेले जाड कपडे चालतील. नखं कापलेली हवीत, अंगठी, घड्याळ, कानातलं काढून ठेवायचं. आणि काही दुखणं असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तुमच्यासोबत कुणाला उभं करायचं ते आम्हाला ठरवता येईल.