बाभळीच्या शेंगा, पळसपापडी आणि न मरणारे जंत
गेल्या पावसाळ्यात सांगोल्याजवळच्या आमच्या वस्तीवर एका उस्मानाबादी शेळीची खालची पापणी ओढून पाहिली, तेव्हा आत लाली जवळजवळ नव्हतीच. जबड्याखाली पाणी उतरले होते आणि अल्बेंडाझोल हे जंताचे औषध पाजून महिनाही झाला नव्हता. हा उद्योग हिमोंकस या रक्त पिणाऱ्या गोल जंताचा. एकच औषध वर्षानुवर्षे, तेही वजनाच्या अंदाजाने (आमचा अंदाज नेहमी कमीच पडतो) पाजत राहिल्यास त्याला दाद न देणारे जंतच मागे उरतात.

बाभळीच्या शेंगांतील टॅनिन हे तुरट द्रव्य जंताच्या बाह्यावरणातील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे त्याची हालचाल मंदावते. शिवाय चाऱ्यातील काही प्रथिने पहिल्या पोटात न कुजता पुढे आतड्यापर्यंत पोहोचतात. मात्र शेंगांचे प्रमाण वाढले की शेळीचे खाणे आणि पचन दोन्ही बिघडते. पळसपापडीतील, म्हणजे पळसाच्या बियांतील, पॅलासोनिन जंतनाशक आहे, परंतु मात्रा चुकल्यास ते अंगावर उलटू शकते, म्हणून पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय मी ती पाजत नाही.

सध्या औषधाआधी आणि नंतर 14 दिवसांनी लेंड्यांतील जंतांची अंडी मोजून औषध लागू पडले का ते पाहतो, आणि ज्या जनावराची पापणी फिकट दिसेल त्यालाच औषध देतो.