आजींची खोली, ११ फूट ४ इंच बाय ९ फूट ८ इंच

गेली ९ वर्षं सांगलीत जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारत किती मजबूत आहे याची तपासणी) करतेय, पण गावभागातल्या त्या वाड्याचं काम अजून डोक्यातून जात नाही. २०२१ च्या पुराच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. वाडा दुमजली, खाली रस्त्याच्या अंगाला एका टेलरचं दुकान, त्यामागच्या खोलीत सत्तरी पार केलेल्या एक आजी, वर दोन कुटुंबं, आणि मालक म्हणजे तीन चुलतभाऊ, त्यातला एक पुण्यात, आणि तिघांचं आपसात कोर्टात चालू.

आमच्याकडच्या जुन्या वाड्याची भिंत म्हणजे दोन-दोन फूट जाडीची, आतून-बाहेरून वीट किंवा दगडाचा पदर आणि मधे पांढरी माती. कोरडी असेपर्यंत शंभर वर्षं हलत नाही. पण २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ आहे), २०२१ ला परत ५५ च्या आसपास, म्हणजे दोन वर्षांत दोनदा ती भिंत कित्येक दिवस पाण्यात उभी होती. त्यात २०१९ नंतर लोकांनी चांगल्या मनाने एक चूक केली, ओल दिसू नये म्हणून मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून घेतला. सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही, आत कोंडते, मधली माती पिठासारखी होते आणि दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात. गवंडी म्हणतात भिंतीला पोट आलं. इथे ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे का बघायला) सोडून बघितला तर चार फुटांच्या उंचीवर पोट जवळजवळ अडीच इंच बाहेर आलेलं होतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर मुठीपर्यंत आत गेला, एवढं कुजलेलं. आणि त्याच तुळईच्या वर गच्चीत १००० लिटरची टाकी, म्हणजे भरली की एक टन.

पहिल्या भेटीत मी त्या भिंतीतल्या भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या बसवल्या. साधी गोष्ट आहे, काचवाल्याकडून बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या कापून आणायच्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना पीओपीने चिकटवायच्या आणि शेजारी मार्करने तारीख टाकायची. भेग जुनी, थांबलेली असेल तर काच तशीच राहते, चालू असेल तर तडकते. काच ताणली जात नाही, म्हणून ती लगेच सांगते. आणि टाकी त्याच दिवशी रिकामी करायला लावली.

मधल्या दिवसांत मालकांपैकी एकाचा फोन, ताई रिपोर्टमध्ये सी-वन लिहा की, म्हणजे सगळे बाहेर निघतील. वरच्या मजल्यावरच्या काकांचा फोन, मॅडम सी-टू-बी करा, म्हणजे राहून दुरुस्ती होईल. रिपोर्टमध्ये इमारतीला धोक्याप्रमाणे कॅटेगरी द्यायची असते, सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. दोघांना मी एकच सांगितलं, काच काय सांगते ते बघून लिहीन. मला या कामात सगळ्यात जास्त चीड याची येते, की इमारत धोकादायक आहे का हा प्रश्न कुणी विचारतच नाही, कुणाच्या फायद्याची कॅटेगरी एवढंच विचारतात.

बाराव्या दिवशी सकाळी आठला टेलरचा फोन आला, रात्री गिलाव्याचं मोठं ढेकूळ पडलंय. मी गेले तर तीनपैकी दोन पट्ट्या तडकलेल्या, आणि तुटलेली कड स्वच्छ, चकचकीत, धुळीचा कण नाही. म्हणजे त्या रात्रीच तुटलेल्या. तिसरी अख्खी होती पण पीओपी सुटून लोंबत होती. मी तिथूनच महापालिकेच्या अभियंत्यांना फोन केला, पुढचा भाग सी-१, आज संध्याकाळच्या आत रिकामा झाला पाहिजे. महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची, म्हणजे धोकादायक इमारतीची, नोटीस मे महिन्यातच दारावर लागलेली होती, आता २६८ खाली रिकामी करायची पण निघाली.

वरची दोन्ही कुटुंबं तासाभरात सामान बांधायला लागली. आजी हलेनात. "दरसाल कागद चिकटवतात पोरी. २०१९ ला पाणी इथंवर आलं," त्यांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या वर, "तवा नाही पडली ती आता पडती व्हय?" मी काचेची पट्टी हातात दिली, ओळंबा लावून दाखवला. त्यांना सगळं समजत होतं. मग म्हणाल्या, "समजलं गं, भिंत पडंल. पण मी भाईर गेले की माझी खोलीच नव्हती म्हणतील, त्याचं काय?"

आणि त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. ती खुंटी लाल रेघेच्याही वर ठोकलेली होती, मुद्दाम. आत दुधाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या भाड्याच्या पावत्या, नवऱ्याच्या नावाच्या, मग त्यांच्या नावाच्या, अगदी ४० रुपये भाडं होतं तेव्हापासूनच्या. दोन पुरांतून वाचवलेल्या.

मला तेव्हा खरंच वाटलं की इतकी वर्षं आपण लोकांना उलट्या टोकाने समजावतोय. माणूस भिंतीला घाबरत नाही असं नाही, त्याला रस्त्यावर यायची भीती त्यापेक्षा मोठी असते. आणि ती भीती घालवायची सोय आहे. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, आणि रिकामी करायच्या आधी प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोजून नोंदवून त्याला कागद द्यायचा असतो. पण गडबडीत हे शेवटी होतं, कधीकधी होतच नाही.

मी अभियंत्यांना म्हटलं, सर, आधी आजींची खोली मोजू. तेही लगेच तयार झाले. धोका तर होताच, म्हणून मागच्या दाराने आत जाऊन, पोट आलेल्या भिंतीपासून लांब राहून, दहा मिनिटांत उरकायचं ठरलं. टेपचं एक टोक आजींनीच धरलं. कुणाला धरू देईनात. ११ फूट ४ इंच बाय ९ फूट ८ इंच. "त्यो कोनाडा पण धरा," म्हणाल्या. मी सांगितलं, आजी, कोनाडा भिंतीच्या जाडीत जातो, कार्पेट एरियात, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेत, धरत नाहीत, पण पंचनाम्यात कोनाडा आहे असं लिहू. त्यावर थोडा वेळ विचार करून मान डोलावली. १०९ चौरस फूट आणि वर थोडं. फोटो काढले, पंचनाम्यावर शेजारच्या दोघांच्या सह्या, आजींची सही, सावकाश, मोडीसारखी वळणदार. झेरॉक्स हातात पडल्यावर त्या स्वतःहून उठल्या. दुपारी तीनला लेकीकडे मिरजेला गेल्या, पावत्यांची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात.

त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. पाऊस थांबला, तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि कुजबुज सुरू झाली, उगीच बाहेर काढलं लोकांना. टेलर मशीन काढायला आत जातो म्हणून हटून बसला होता, पाचच मिनिटं मॅडम. पण मातीची भिंत पाण्यात असतानाच पडते असं नाही, वाळताना पण पडते, आतली माती आकसते आणि सुटलेला पदर एकटा उभा राहतो. बॅरिकेडवरच्या पोलिसदादांनी आणि मी त्याला सोडलं नाही, तो माझ्यावर चिडून समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसला.

अकराच्या सुमाराला आधी बारीक माती गळायला लागली, चाळणीतून गळावी तशी, आणि मग अख्खी पुढची भिंत खाली बसली. धाडकन वगैरे नाही, एक जड श्वास सोडल्यासारखा आवाज, आणि मग धूळच धूळ. तुळई तिरकी होऊन मशीनवर आडवी पडलेली. टेलर कितीतरी वेळ हातात ग्लास धरून तसाच उभा होता. माझे पाय थरथरत होते हे मला नंतर कळलं. सामाईक भिंत उघडी पडली म्हणून शेजारच्या घराला संध्याकाळपर्यंत टेकू द्यायचे होते, त्यामुळे बसायला वेळच नव्हता.

चारच्या सुमाराला आजी लेकीबरोबर बघायला आल्या. मागची भिंत शाबूत होती, तिच्यावरची लाल रेघ आणि वरची खुंटी रस्त्यावरून सरळ दिसत होती. बराच वेळ बघत राहिल्या. मग पिशवीतून झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरली.

"हे आठ हाय का सात गं? पुसट आलंय."

मी डायरी उघडून दाखवली. ९ फूट ८ इंच.

"पेनानं ठळक करून दे," म्हणाल्या.

मी केलं, आणि शेजारी तारीख टाकून सही केली.