ग्वांगझोऊची नोंदवही: दमट हवा, सूपचं भांडं आणि बादुआनजिन

2025चं अख्खं वर्ष, जमेल तितकं, चिनी ऋतुचर्येप्रमाणे काढलं. ज्यांना हा नाद आहे त्यांच्यासाठी ही नोंद. आधीच सांगते, मी वैद्य नाही, आणि यात एकही आजार बरा झाल्याची गोष्ट नाही. सर्दी याही वर्षी झाली. पण एक गोष्ट मात्र पक्की कळली. चिनी ऋतुचर्येच्या नावाने जे तक्ते फिरतात ते बहुतेक उत्तर चीनचे असतात, आणि दक्षिण चीनमधल्या ग्वांगझोऊच्या बायका ते सरळ बाजूला ठेवतात. दमट हवेतल्या मुंबई-कोकण-गोव्याच्या माणसाने बीजिंगचं ऐकण्यापेक्षा या बायकांचं ऐकावं.

नवख्यांसाठी थोडक्यात: चिनी वर्षाचे चोवीस भाग असतात, त्यांना ज्येछी म्हणतात. सूर्य 15 अंश सरकला की नवं ज्येछी. आपल्या संक्रांतीसारखा हा हिशोबही सूर्यावर, त्यामुळे तारखा फार तर एखाद्या दिवसाने हलतात. 2016 साली युनेस्कोने या पद्धतीची अमूर्त वारशात नोंद केली. पण ती बेतली गेली पिवळ्या नदीच्या खोऱ्यातल्या शेतीवर. ऑक्टोबरच्या 23 तारखेला ‘शुआंगज्यांग’, म्हणजे दंव पडायचा दिवस. ग्वांगझोऊत त्या दिवशी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात.

मूळ आधार ‘हुआंगदी नेइजिंग’ या जुन्या वैद्यकग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाचा. वसंतात आणि उन्हाळ्यात उशिरा झोपा, लवकर उठा. शरदात कोंबड्याबरोबर झोपा, कोंबड्याबरोबर उठा. हिवाळ्यात लवकर झोपा आणि ऊन आल्यावरच अंथरूण सोडा. आजार व्हायच्या आधी सांभाळा, तहान लागल्यावर विहीर खणू नका, हेही त्याच अध्यायात आहे. झोपेचा भाग मला सगळ्यात सोपा गेला. अख्ख्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं, त्यामुळे जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. उशिरा उठायला ग्रंथाचा आधार मिळाला तर कोणाला नको आहे!

फेब्रुवारी ते एप्रिल: भिंतींना घाम

या काळात दक्षिणेकडून उबदार ओली हवा येते आणि थंडीने गार पडलेल्या घरात शिरते. फरशी, आरसा, जिन्याचा कठडा, सगळ्यावर पाणी. इथे याला हुइनानत्यान म्हणतात. हवा बरी वाटते म्हणून खिडक्या उघडायचा मोह होतो, पण नेमक्या तेव्हाच त्या घट्ट लावून घ्यायच्या.

चिनी वैद्यकात बाहेरून बाधणाऱ्या गोष्टी सहा: वारा, थंडी, उन्हाळी उष्मा, ओल, कोरडेपणा आणि आग. ग्वांगझोऊत वर्षातला निम्म्याहून अधिक काळ भांडण ओलीशीच असतं. डोकं जड, जिभेवर पांढरा थर, भूक मंद, अंग आंबलेलं. आपल्याकडे श्रावणात लोक हीच तक्रार करतात आणि आपण अग्नी मंद झाला म्हणतो. इथे दोष प्लीहेकडे जातो. त्यांची प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातली नव्हे. अन्नपचनाचा सगळा कारभार त्या नावाखाली येतो.

यावरचं रोजचं भांडं असं: यीमी 30 ग्रॅम, छोटे लाल दाणे 30 ग्रॅम, जुन्या संत्रासालीची एक पाकळी. यीमी मोत्यासारखं टपोरं धान्य असतं. ते कोरडं, मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत भाजून घ्यायचं, कारण कच्च्या यीमीचा गुण थंड मानतात. लाल दाणे लांबट, बारीक हवेत. गोल अझुकी वेगळे, गोड पदार्थांचे. ते रात्रभर भिजवायचे. संत्रासाल म्हणजे चेनपी. इथे मान शिनहुई भागातल्या सालीचा. किमान तीन वर्षं मुरल्याशिवाय तिला चेनपी म्हणत नाहीत. एका फळाची साल तीन पाकळ्यांत सोलतात, म्हणून माप पाकळीचं. भिजवून आतला पांढरा भाग खरवडून टाकायचा, नाहीतर सूप कडवट होतं. पाणी सगळं एकदम घालायचं, मध्ये भर नाही. उकळी आली की मंद आच, दीड-दोन तास. मीठ शेवटी. खालच्या मजल्यावरच्या पोपो (इथे आजीला असंच हाक मारतात) यात डुकराची हाडं घालतात, ती आधी गार पाण्यातून उकळून धुऊन. मी शेंगदाणे आणि वाळलेले शिताके मशरूम घालते. चव उतरते, तक्रार नाही. गरोदर बाईला यीमी देत नाहीत, हे मला पोपोंनी न विचारता सांगितलं.

मार्चमध्ये रस्त्यावर काटेसावर फुलते. तेच झाड, तीच लालभडक जाड पाकळ्यांची फुलं, आणि इथे ते शहराचं फूल आहे. गळलेलं फूल आपल्याकडे पायदळी जातं. इथे म्हाताऱ्या माणसांची सकाळीच पिशव्या घेऊन झाडाखाली लगबग असते. फुलं दोऱ्यात ओवून बाल्कनीत वाळवायची आणि ओलीच्या दिवसांत यीमीच्या भांड्यात तीन-चार टाकायची. चव जवळजवळ नाहीच, थोडी बुळबुळीत. पाच फुलांच्या चहातही सावर असते, जोडीला चाफा, शेवंती, हनीसकल वगैरे. रहदारीच्या रस्त्यावरची फुलं मी उचलत नाही, बाजारातून आणते.

‘वसंतात पांघरा, शरदात गारठा’ अशी एक म्हण आहे. वसंतात ऊब आली म्हणून स्वेटर लगेच ट्रंकेत टाकू नये, शरदात गार लागलं म्हणून लगेच काढू नये. वर्षभरातली सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी सूचना हीच.

मे-जून: वेखंड दारावर

31 मेला ड्रॅगन बोटीचा सण होता. दारावर वेखंडाची पात आणि दवण्याच्या कुळातली एक वनस्पती लटकवतात. बाळाच्या उगाळ्यातलं वेखंड चिनी दारावर पाहून मी आईला फोटो पाठवला. सणाच्या आगेमागे कोसळणाऱ्या पावसाला इथे ड्रॅगन बोटीचं पाणी म्हणतात.

एक जुळणी मला फार आवडली. आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणजे सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्याचे पहिले सात दिवस. जुनी चर्या हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. नेइजिंगच्या हिशोबात प्रत्येक ऋतूचे शेवटचे अठरा दिवस प्लीहेचे. आकडे वेगळे, सावधगिरी तीच: हवा बदलते तेव्हा पोट सांभाळा. मी आता दर मोठ्या बदलाच्या आधी पंधरवडाभर थंड दूध, तळण आणि बर्फ बंद ठेवते. बरं वाटतं. ते ओल गेल्यामुळे की भजी थांबल्यामुळे, ते देव जाणे.

जुलै-ऑगस्ट: सानफू

उन्हाळी अयनानंतरच्या तिसऱ्या ‘गंग’ दिवशी सानफू, म्हणजे वर्षातला सगळ्यात उकाड्याचा काळ, लागतो. दिवस दहाच्या चक्रात मोजतात, त्यातला एक गंग. तीन टप्पे मिळून एकूण 30 किंवा 40 दिवस. 2024 मध्ये 40 होते. 2025 मध्ये 20 जुलैला सुरुवात, 30 जुलैला दुसरा टप्पा, 9 ऑगस्टला तिसरा, म्हणजे 30च.

हिवाळ्याचा आजार उन्हाळ्यात उपचारावा, ही यामागची कल्पना. दमा आणि ऐन हिवाळ्यातली शिंकाखोकी असणारे लोक या तीन तारखांना रुग्णालयात रांगा लावतात. पांढरी मोहरी, आल्याचा रस आणि आणखी काही औषधं घोटून केलेला लेप पाठीवरच्या ठरावीक बिंदूंवर चिकटवतात. छिंग काळातले वैद्य झांग लू यांनी 1695 मधल्या ग्रंथात याची कृती दिली आहे. मी यंदा तिन्ही वेळा लावून घेतले. मोहरी त्वचा पोळते हे खरं. लाल चट्टे चांगले दोन दिवस राहिले, काहींना फोड येतात. लहान मुलांना खूप कमी वेळ ठेवतात. त्या मिश्रणात विषारी वनस्पतीही असतात, तेव्हा घरगुती प्रयोग अजिबात नको. उपयोग? ऑक्टोबरात माझ्या शिंका होत्या तशाच होत्या. एका नाकावरून निकाल लागत नाही, पण पुढच्या वर्षी रांगेत उभं राहायचा उत्साह मला नाही.

उन्हाळ्याचं खरं रत्न म्हणजे कोहळा. सालीसकट. मोठे तुकडे, यीमी, चेनपी, आल्याच्या दोन चकत्या, तासभर. आपण कोहळ्याचे सांडगे आणि पेठा करून त्याचं पाणी घालवतो. इथे ते पाणीच हवं असतं. दुपारी मुगाचं पातळ पाणी, गार नव्हे, कोमट. ‘हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, मग वैद्याची चिठ्ठी नको’ ही म्हण पहिल्यांदा ऐकली तेव्हा उलटी वाटली. पण उन्हाळ्यात माणूस थंड खातो आणि पोट गारठतं, म्हणून आलं. हिवाळ्यात जड खातो, म्हणून मुळा. पटलं. सकाळच्या चहात आलं आम्ही पिढ्यान् पिढ्या घालतोच, तेव्हा निम्मी म्हण आधीच पाळलेली.

ल्यांगछाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ल्यांगछा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळणारे कडू काढे. वांगलाओजी या प्रसिद्ध ब्रँडचा उगम 1828चा, आणि 2006 मध्ये हा चहा चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत आला. चोवीस-चवींचा काढा कडू म्हणजे काडेचिराइतासारखा कडू. घसा दुखायला लागला, रात्री तळलेलं खाल्लं, की एक पेला, एवढाच त्याचा वापर. रोज पिणारे तरुण पाहते तेव्हा पोपोंच्या कपाळावरच्या आठ्या आठवतात. गुण थंड, पोट बिघडतं, असं त्या म्हणतात. त्यात बऱ्याचदा ज्येष्ठमधही असतो, आणि तो फार दिवस घेतला की रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. डब्यातला ल्यांगछा तर निव्वळ साखरपाणी.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: पंचांग चुकतं

7 सप्टेंबरला ‘बायलू’, पांढरं दव. तक्ता म्हणतो कोरडेपणा आला, नाशपाती खा, फुप्फुसं ओलावा. बाहेर तेहतीस अंश आणि घामाच्या धारा. मी त्या दिवशी भाजीवालीकडे नाशपाती मागितली तर ती म्हणाली, अजून नाही, ओठ फुटू देत. त्यानंतर मी तारीख बघायचं सोडलं. खूण अशी: उत्तरेचा वारा सुटतो, दोरीवरचे कपडे दुपारपर्यंत कडक वाळतात, सकाळी नाक कोरडं. 2025 मध्ये हे ऑक्टोबर निम्मा सरल्यावर झालं. तेव्हा भांडं बदललं: नाशपाती, वाळलेल्या लिलीकंदाच्या पाकळ्या, पांढरी खायची बुरशी (मशरूमसारखी), युझू नावाचं मूळ, थोडी खडीसाखर. लिलीकंद वाळवताना गंधकाची धुरी देतात, म्हणून फार पांढरे शुभ्र घेऊ नयेत. पिवळसर आणि आंबूस वास नसलेले निवडावेत. यात घालायच्या जर्दाळूच्या बिया दोन प्रकारच्या, गोड आणि कडू. कडू बी कच्चं विषारी असतं. खोकल्यासाठी मोजकंच घालून नीट उकळतात. मी फक्त गोड वापरते.

नागपूर-औरंगाबादकडच्या मंडळींना हा शरदाचा भाग जास्त लागू. तुमचा ऑक्टोबर आमच्यापेक्षा खराच कोरडा. मुंबईकरांनी यीमी-कोहळ्यावरच राहावं.

बादुआनजिन

रोजचा व्यायाम हाच. आठ हालचाली, साधारण बारा मिनिटं. आज उद्यानांतून जो दिसतो तो संच चीनच्या क्रीडा प्रशासनाने 2003 मध्ये ठरवलेला. युएशिउ उद्यानात सकाळी एखादा गट सापडतोच, मागे उभं राहिलं तर कोणी हाकलत नाही.

प्रगती: सहावी हालचाल, पाय धरून कंबर वाकवायची, आता गुडघे न वाकवता होते. दुसरी, धनुष्य ताणण्याची, अजून खांद्यातून होते, पाठीतून नाही. पाचवीत घोड्याची बैठक लागते आणि माझा डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून बैठक उथळ ठेवते. ओलीच्या दिवसांत तिसरी, एक हात वर एक खाली दाबण्याची, जास्त वेळा. ती पोटासाठी मानतात. शेवटच्या टाचा आपटण्यात जोर नको, खालचे शेजारी असतात. श्वास मुद्दाम ओढायचा नाही, हालचालीमागून येऊ द्यायचा. वर्षभरात सगळ्यात ठळक फरक पडला तो झोपेत, आणि त्याचं श्रेय मी सूपला नाही, याला देते.

डिसेंबर

21 डिसेंबरला ‘दोंगझ’, म्हणजे हिवाळी अयन. इथे काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाचे गोळे खातात. आपल्या तिळगुळाच्या तीन आठवडे आधी. मटण, आलं आणि दांगग्वेई या औषधी मुळाचं सूप फार जुनं आहे, हान राजवटीच्या काळातलं. मी ते शेजारी चाखलं: आल्याचा तिखटपणा पुढे, मुळाचा उग्र सुगंध मागे. घरी नाही केलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दांगग्वेईच्या वाटेला जाऊ नये, आणि आमच्या घरी त्या गोळ्या आहेत.

माझा नियम असा की अन्न आणि औषध दोन्ही म्हणून मान्य असलेल्या जिनसांची जी सरकारी यादी आहे, शक्यतो तिच्याबाहेर जायचं नाही. 2002 मध्ये तिच्यात 87 नावं होती. 2019च्या सूचनेत दांगग्वेईबरोबर हळद, केशर आणि पिंपळीही आली, फक्त मसाला म्हणून. छिंगपिंग बाजारातला दुकानदार मला पिंपळी समजावून सांगायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं नाही. चांगलं सांगत होता.

फेब्रुवारीसाठी तयारी: यीमी भाजून बरणीत भरलं आहे, सावरीची जुनी फुलं संपवायची आहेत, आणि शिनहुईची यंदाची साल आणून बरणीवर वर्ष लिहून ठेवली आहे. ती 2028 मध्ये उघडेन. पुढची नोंद यीमी न भाजता आणि भाजून अशा दोन भांड्यांची. चवीत फरक पडतो का ते एकाच दिवशी दोन्ही करून बघणार आहे.